‘सिम्पली’ म्हणजे ‘उगाच’: बंगळुरूची इंग्रजी आणि आपले कान

आजच्या भागात आपण बंगळुरूला जाणार आहोत, आणि तिथेही नेमकं इंदिरानगरला. पुणे-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून, नागपूरहून, इंदूरहून नोकरीसाठी बंगळुरूला गेलेली आपली मुलं-मुली हजारोंनी आहेत. त्यांतली बरीच जण शनिवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर किंवा ट्वेल्थ मेनवर हमखास भेटतात. ती घरच्या ग्रुपवर एक विशिष्ट प्रकारचा व्हिडिओ पाठवतात, आणि आजचा विषय तोच आहे.

व्हिडिओ साधारण असा असतो. कुणीतरी रिक्षावाल्याची, दुकानदाराची किंवा ऑफिसातल्या स्थानिक सहकाऱ्याची इंग्रजी बोलून दाखवतं. ‘व्हाय यू आर शाउटिंग सिम्पली?’, ‘आय टोल्ड नो, टुमॉरो ओन्ली कम.’ तीस सेकंद, मागे गमतीशीर संगीत, आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आपणही हसतो आणि पुढे पाठवतो.

आपण नेमकं कशाला हसतो? बाहेरून आलेल्या लोकांना त्या शहराची इंग्रजी कानाला कशी लागते, आणि का? मोबाइलच्या पडद्यावर त्या भावनेचं पुढे काय होतं? एकेक प्रश्न घेऊ.

इंदिरानगर कुणाचं?

एप्रिल २०२१मध्ये आयपीएलच्या दिवसांत क्रेड या कंपनीची एक जाहिरात आली. आयुष्यभर शांत म्हणून ओळखला गेलेला राहुल द्रविड ट्रॅफिकमध्ये अडकून भडकतो आणि ओरडतो, ‘इंदिरानगर का गुंडा हूँ मैं!’ दोन दिवसांत हे वाक्य देशभर गेलं. टी-शर्टांवर आलं, पोलिसांपासून मिठाईवाल्यांपर्यंत सगळ्यांनी त्यावर विनोद केले. इंदिरानगर हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यांनाही ते माहीत झालं.

आता त्यातल्या भाषा मोजा. द्रविडचं घर मराठी, जन्म इंदूरचा, वाढला बंगळुरूत, कन्नड उत्तम बोलतो, मुलाखती इंग्रजीत देतो. पण देशाला इंदिरानगर कळलं ते हिंदी वाक्यातून. त्या वाक्यात कन्नड कुठेच नव्हती.

ही वस्ती आहे तरी कशी? हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, ही कंपनी १९४०मध्ये सुरू झाली. तिच्या आसपास वसाहती वाढत गेल्या, आणि इंदिरानगरच्या काही भागांचे पत्ते अजूनही ‘एचएएल सेकंड स्टेज’ असेच लिहिले जातात. पुढे मोठे बंगले, शांत गल्ल्या आणि निवृत्त अधिकारी असं या भागाचं रूप होतं. मग आयटी आली, दुकानं आली, हॉटेलं आली. २० ऑक्टोबर २०११ रोजी नम्म मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यातच इंदिरानगर स्टेशन होतं. ‘नम्म’ म्हणजे ‘आपली’, हे आता बाहेरच्यालाही कळतं.

२०११च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले लोक निम्म्याहूनही कमी होते. बाकीचे तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम, मराठी वगैरे. अशा शहरात अनोळखी माणसाशी बोलायला इंग्रजी लागतेच. इथली इंग्रजी साहेबाशी बोलायची कमी आणि शेजाऱ्याशी बोलायची जास्त आहे. रोज हजार कामांना वापरलेली वस्तू जशी हाताच्या मापाची होते, तशी ती झाली आहे.

व्याकरण बघू, हसू नंतर

बंगळुरूच्या इंग्रजीच्या चार-पाच खुणा घेऊ. प्रत्येक खुणेशेजारी आपली मराठी ठेवू.

पहिली, ‘सिम्पली’. ‘आय केम सिम्पली’ म्हणजे ‘मी सहज आलो, काही काम नव्हतं’. कन्नडमध्ये ‘सुम्ने’ असा शब्द आहे, मराठीतला ‘उगाच’ किंवा ‘असंच’. तो अर्थ ‘सिम्पली’वर चढवला आहे. मराठी माणूस तिथे काय म्हणतो? ‘आय केम जस्ट लाइक दॅट.’ तेही ‘असंच’चंच भाषांतर आहे. फक्त ते आपलं असल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही.

दुसरी, ‘ओन्ली’. ‘टुमॉरो ओन्ली आय विल कम.’ कन्नडमध्ये जोर देण्यासाठी शब्दाला शेवटी ‘ए’ जोडतात, ‘नाळे’चं ‘नाळेने’ होतं. मराठीत आपण ‘च’ जोडतो, ‘उद्या’चं ‘उद्याच’. इंग्रजीत हे काम आवाजाच्या चढउतारावर होतं, त्यासाठी वेगळा प्रत्यय नाही. म्हणून कन्नड माणसाने ‘ओन्ली’ला कामाला लावलं, आणि मराठी माणसानेही लावलं. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही ऑफिसात दहा मिनिटं बसा, ‘धिस ओन्ली आय वॉज टेलिंग’ कानावर येईल.

तिसरी, ‘नो’. ‘आय टोल्ड नो?’ म्हणजे ‘सांगितलं ना?’ हे तर समजावण्याची गरजच नाही.

चौथी, द्विरुक्ती. ‘गिव्ह हॉट हॉट कॉफी.’ कन्नडमध्ये ‘बिसि बिसि’, मराठीत ‘गरम गरम’. आणि ‘डोन्ट ईट माय हेड’? आपण डोकं खाऊ नको म्हणतो, ते ‘तले तिन्नबेड’ म्हणतात. तले म्हणजे डोकं, तिन्नबेड म्हणजे खाऊ नको. शब्दाला शब्द.

पाचवी, बंगळुरूचं जणू बोधवाक्यच झालेलं ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’. ‘माडि’ म्हणजे ‘करा’. इंग्रजी क्रियापद घ्यायचं आणि त्याला ‘माडु’ लावायचं. आपण ‘करणे’ लावतो: अ‍ॅडजस्ट करा, पार्क करा, फॉरवर्ड करा. आणि ‘स्वल्प’ आपल्याकडे शाळेपासून आहे, स्वल्पविरामात.

खरी वेगळी वाटावी अशी गोष्ट उच्चारांत आहे. कन्नडमध्ये उसना शब्द व्यंजनावर संपत असेल, तर शेवटी ‘उ’ येतो: बस्सु, कारु, रोडु. काही बोलणाऱ्यांच्या तोंडी सुरुवातीच्या ‘ए’ला ‘ये’ची आणि ‘ओ’ला ‘वो’ची छटा येते. आता आपलं बघा. इंग्रजीतल्या ‘झेड’ला आपण सर्रास आपला ‘झ’ देतो. ‘व्हेरी’, ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ यांत आपण एक ‘ह’ घालतो, तो लिहितोही. मराठीबाहेरच्या कानाला तो ‘ह’ लगेच जाणवतो.

कुपवाडचा धडा

हे साम्य योगायोगाचं नाही. याचा सर्वांत सुंदर अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या गावकऱ्यांच्या भाषा तपासल्या. त्यांचा निबंध १९७१मध्ये प्रसिद्ध झाला. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की वाक्य एका भाषेतून दुसरीत नेताना शब्दाच्या जागी शब्द ठेवला की काम व्हायचं. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले राखले होते. घरात एक, बाजारात दुसरी, पण सांगाडा सामाईक.

त्याआधी १९५६मध्ये मरे एमेनो यांनी असं मांडलं होतं, की भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा सहवासाने एकमेकींसारख्या झाल्या आहेत. कन्नड द्राविडी कुळातली, मराठी इंडो-आर्यन. तरी तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द आपल्याकडे कन्नडच्या अंगणातून आले.

म्हणजे कन्नड माणूस आणि मराठी माणूस जवळजवळ एकाच सांगाड्यावर इंग्रजी चढवतात. मग त्याची इंग्रजी ‘गावठी’ आणि आपली ‘नॉर्मल’, हे कुठून येतं?

कान भाषा ऐकत नाही, माणूस ऐकतो

१९६०मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या माणसांना एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचायला लावला. ऐकणाऱ्यांना सांगितलं, की ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत, आवाजावरून त्यांचा स्वभाव सांगा. इंग्रजी आवाज ऐकून लोक म्हणाले, हा जास्त हुशार, जास्त भरवशाचा, दिसायलाही बरा. माणूस तोच होता. आणि फ्रेंच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनीही इंग्रजी आवाजालाच जास्त गुण दिले. स्वतःच्या भाषेला कमी लेखायला ते आधीच शिकलेले होते.

पुढे अशा अनेक प्रयोगांतून दोन वेगळे तराजू दिसत गेले. एक प्रतिष्ठेचा: हा शिकलेला वाटतो का, पगार चांगला असेल का? दुसरा आपलेपणाचा: याच्याशी गप्पा माराव्याशा वाटतात का? स्थानिक बोली बहुधा पहिल्या तराजूत हलकी आणि दुसऱ्यात जड ठरते.

बंगळुरूबद्दलच्या पोस्ट या दोन तराजूंत टाकून बघा. बाहेरून आलेल्यांच्या साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिली हसणाऱ्यांची, ती आपण पाहिली. दुसरी मिरवणाऱ्यांची: शहरात आल्याला सहा महिने होत नाहीत तोच ‘सक्कत्’, ‘बोंबाट’, ‘मगा’, ‘गुरू’ हे शब्द इंग्रजी वाक्यात पेरायचे आणि ‘पीक बेंगळुरू’ लिहून फोटो टाकायचा. यात प्रेम असतं, पण ते चार शब्दांपुरतं असतं. रिक्षावाल्याने कन्नडमध्ये पाचवं वाक्य उच्चारलं, की ‘कन्नड गोत्तिल्ल’, म्हणजे कन्नड येत नाही. तिसरी तऱ्हा दुरुस्त करणाऱ्यांची: पाटीवरच्या किंवा मेनूवरच्या स्पेलिंगचा फोटो काढायचा आणि वर लिहायचं, ‘आयटी कॅपिटल म्हणे!’

तिन्ही तऱ्हांत एकच माणूस असू शकतो. आणि तिन्हींत एक गोष्ट सामाईक आहे: ज्याच्या बोलण्याबद्दल हे चाललंय, तो तिथे नसतो. गल्लीत कुणी नक्कल केली तर समोरचा उत्तर देऊ शकतो, आपलीही नक्कल करू शकतो. रीलमध्ये त्याला ती सोय नाही. तो दिवसाकाठी कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी अशा भाषांत प्रवाशांशी व्यवहार करतो आणि इंग्रजी त्याची पाचवी-सहावी भाषा आहे, हेही तीस सेकंदांत मावत नाही.

ग्रेव्ही आणि ‘टेल मी’

‘पण तिथले लोक उद्धटच बोलतात हो,’ ही तक्रारही ऐकू येते. तिच्यासाठी पुन्हा गंपर्झकडेच जाऊ. कुपवाडनंतर काही वर्षांनी ते ब्रिटनमध्ये एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनचा अभ्यास करत होते. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला होत्या, आणि त्या तुसड्या आहेत अशी तक्रार होती. बोलणं तर फार नव्हतंच. ताटात मांस वाढलं, की ‘ग्रेव्ही?’ एवढाच शब्द. ब्रिटिश बाई तो चढत्या सुरात म्हणायची, म्हणजे ‘हवी का?’ आपल्याकडच्या बायका उतरत्या सुरात म्हणायच्या. त्यांच्या मते ते तितकंच नम्र होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, ‘ही ग्रेव्ही, घे आणि चालता हो.’ ध्वनिमुद्रणं ऐकवून दोन्ही बाजूंना हा फरक दाखवला, तेव्हा गोष्टी सुधारल्या.

बंगळुरूतल्या दुकानात ‘टेल मी’ ऐकून मराठी माणूस दचकतो. ‘सांग मला’ असं काय बोलतोय? पण ते ‘हेळि’चं रूप आहे, आणि ‘हेळि’ हे आदरार्थी आहे. आपला दुकानदार ‘बोला साहेब’ म्हणतो, तेच. उलट आपलं हिंदी वळणाचं ‘भैया, जल्दी करो’ तिथे कसं ऐकू येत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हसण्याची किंमत

‘एवढं काय, गंमत तर आहे’ असं कुणी म्हणेल. गमतीचं वावडं नाहीच. पण हा तराजू पडद्यावरून उतरून पगारापर्यंत येतो. बंगळुरूच्या कॉल सेंटरांच्या धंद्यात एक शब्द प्रचलित आहे, ‘एमटीआय’. ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, म्हणजे इंग्रजीवर मातृभाषेची छाप. एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा तो घेतला जातो. याला एमटीआय आहे, त्याचा जास्त आहे. त्यावरून मुलाखतीत माणसं गळतात. हासन-मंड्याहून आलेला मुलगा गळतो, आणि सोलापूर-लातूरहून आलेलाही गळतो. आज ज्या इंग्रजीवर आपण हसणारा चेहरा डकवला, तिच्याच मापाने उद्या आपलं पोरगं मोजलं जाणार असतं.

२०११च्या जनगणनेत भारतात इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे जवळपास १३ कोटी. म्हणजे या देशात इंग्रजी बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या इंग्रजीवर कुठल्या ना कुठल्या मातृभाषेची छाप आहे. छाप नसलेला शोधायचा म्हटला तर सापडायचा नाही.

आणखी एक किंमत आहे, ती दुरावल्या मनांची. अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं एक बेट आहे. उन्हाळ्यात तिथे श्रीमंत पाहुण्यांची झुंबड उडते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की बेटावरच राहायचं ठरवलेल्या, पाहुण्यांच्या गर्दीने दुखावलेल्या लोकांच्या उच्चारात जुनी स्थानिक छटा पुन्हा गडद होत होती. त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. ‘आम्ही इथले’ हे त्यांच्या स्वरांतून आपोआप उमटत होतं. बेट सोडून जायच्या विचारात असलेल्यांच्या बोलण्यात ती छटा कमी होती.

बंगळुरूत हे उच्चारापुरतं राहिलेलं नाही. २७ डिसेंबर २०२३ रोजी इंग्रजी पाट्यांची तोडफोड झाली, आणि पुढे पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा असा कायदा आला. तोडफोडीचं समर्थन करता येणार नाही. पण ती समजून घ्यायची, तर स्वतःच्या शहरात स्वतःचंच बोलणं विनोदाचा विषय झालेलं पाहणाऱ्या माणसाची बाजूही बघावी लागेल.

आता आरसा

मराठी माणसाला हे सगळं इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. मुंबईत, पुण्यात आपण रोज म्हणतो: इथे राहता ना, मग चार वाक्यं मराठी शिका. आमच्या ‘ळ’ला, आमच्या हिंदीला हसू नका. हिंदी सिनेमाने मराठी वळणाची हिंदी मोलकरणीच्या आणि हवालदाराच्या तोंडी घातली, त्याचा सल आपल्याला अजून आहे. तोच माणूस विमानाने दीड-दोन तासांवर जातो आणि त्याच्या तोंडचं वाक्य बदलतं: ‘इंग्रजी आहे की, कन्नड कशाला?’

सीमाभागात तर हे प्रकरण आणखी दुखरं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये बेळगाव जिल्ह्यात बस कंडक्टरला मारहाण झाली, मराठी बोलता न येण्यावरून वाद झाल्याचं त्याने सांगितलं. दोन राज्यांमधली बससेवा काही काळ थांबली, आणि २२ मार्चला कर्नाटक बंद झाला. बेळगावच्या मराठी माणसाचे प्रश्न खरे आहेत, जुने आहेत. पण त्या प्रश्नांची बाजू मांडताना आपल्या हातात एकच माप असलं पाहिजे. बेळगावात भाषेचा मान मागायचा आणि इंदिरानगरात भाषेची चेष्टा करायची, हे एका माणसाला शोभत नाही.

मान देऊन राहिलेल्या मराठी माणसांची उदाहरणं कमी नाहीत. धारवाडचे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी, कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. शिवाजीराव गायकवाड नावाचा बंगळुरूतल्या मराठी घरातला मुलगा तिथल्या बसवर कंडक्टर होता. जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखतं. यांतल्या कुणालाही मराठी सोडावी लागली म्हणून हे सांगत नाही. त्यांनी दुसऱ्याच्या भाषेला कमी लेखलं नाही, म्हणून सांगतो आहे.

मग करायचं काय?

फार नाही. एक, व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी त्यातलं वाक्य मनात मराठीत करून बघा. ते सरळ मराठी वाक्य निघालं, तर तुम्ही स्वतःलाच हसत आहात. दोन, कुणाचं बोलणं उद्धट वाटलं, तर आधी तो सूर त्याच्या भाषेत कसा असतो हे विचारा. तीन, शब्द मिरवण्यापेक्षा वाक्य शिका. ‘सक्कत्’ दहा वेळा म्हणण्यापेक्षा ‘स्वल्प निधान हेळि’, म्हणजे ‘जरा सावकाश सांगा’, हे एक वाक्य जास्त दारं उघडतं.

आणि चौथं, आई-बाबा आणि आजी-आजोबांसाठी. तिकडे जन्मलेलं तुमचं नातवंड सुट्टीत सांगलीला येईल आणि म्हणेल, ‘आजी, आय वॉज सिम्पली सिटिंग.’ त्याला दुरुस्त करू नका. ‘म्हणजे उगाच बसला होतास का रे?’ एवढंच विचारा. त्याला त्या शब्दाचं मराठी नाव मिळेल, कन्नड नाव तो तुम्हाला सांगेल.

जाता जाता एक काम देतो. या आठवड्यात फोनवर इंग्रजीत बोलताना स्वतःचा आवाज पाच मिनिटं रेकॉर्ड करा, आणि शांतपणे ऐका. त्यात ‘ओन्ली’ किती, ‘नो’ किती, ‘व्ह’मधला ‘ह’ किती, ते मोजून ठेवा. पुढच्या भागात आपण त्या ‘ह’पासूनच सुरुवात करू. भेटू या, नमस्कार.